कागद आल्याशिवाय नाही

दरवर्षी सत्तावीस मेला हॅलमांच्या घरी ससा शिजे. कांदा आणि डुकराच्या चरबीचे तुकडे घालून, पिठाच्या जाड झाकणाखाली भाजलेला. त्यांच्या मुलाला, जाइल्सला, तो फार आवडायचा. जाइल्सला याच दिवशी जाऊन आता अकरा वर्षं झाली होती आणि खरं सांगायचं तर घरात उरलेल्या कुणालाच ससा आवडत नव्हता. पण यंदा मांसाचं रेशन इतकं उतरलं होतं की आठवड्याचा वाटा तळहातावर मावेल. त्यामुळे आवडीनिवडीचा प्रश्न मिटला होता.

मिलिसेंट हॅलम चर्चमधून आल्या त्या टोपी न काढताच स्वयंपाकघरात शिरल्या. त्यांची स्वयंपाकीण युद्धात दारूगोळ्याच्या कारखान्यात गेली ती परत आलीच नाही, आणि मेजर-जनरलच्या बायकोला साठीत ससा सोलायला शिकावं लागलं. त्याबद्दल त्या कधी कुरकुरल्या नाहीत. त्यांना छळणारी गोष्ट वेगळीच होती. ती बाहेरच्या मेजावर, पितळी तबकाखाली, तपकिरी पाकिटात पडली होती.

पाकीट बुधवारी लंडनहून आलं होतं. युद्धाचा सरकारी इतिहास लिहिणारी मंडळी एकेका प्रकरणाचा मसुदा त्या त्या लढाईतल्या हयात अधिकाऱ्यांना पाठवत. काही चुकलं असेल तर महिनाअखेरीपर्यंत कळवा, नाहीतर असंच छापतो, अशी पद्धत. जनरल बागेत असताना मिलिसेंटनी मसुदा उघडून वाचला. त्यांना हवं होतं ते, किंवा नको होतं ते, चौदाव्या पानावर सापडलं: 'कालव्याच्या काठावरील या पलटणीस माघारीचा हुकूम मिळाला नाही, कारण ब्रिगेडची सिग्नल व्यवस्था दुपारी चार वाजताच बंद पडली होती.'

हे वाक्य त्यांना पाठ होतं. एकोणीसशे चाळीसच्या जूनमध्ये, समुद्रकाठच्या एका हॉटेलात, मागून आणलेल्या टाइपरायटरवर ते त्यांनीच टाइप केलं होतं. फ्रान्समधून परतलेला नवरा पलंगावर बूट घालूनच पडला होता, आणि त्याने पेन्सिलीने लिहिलेला रिपोर्ट त्यांच्या पुढ्यात होता. या वाक्याच्या वर आणखी एक ओळ होती, एकाच रेघेने खोडलेली, अगदी स्वच्छ वाचता येण्यासारखी: '४.१० वाजता मी स्वतः जाइल्सशी फोनवर बोललो.' मिलिसेंटनी खोडलेलं गाळलं आणि राहिलेलं टाइप केलं. नवऱ्याला त्यांनी काही विचारलं नाही, तेव्हाही नाही आणि नंतरही नाही. त्या आठवड्यात तो माणूस कमरेचं पिस्तूल उशाशी घेऊन झोपत होता, आणि मुलगा गेलेल्या बाईला नवराही घालवायचा नव्हता.

पण बुधवारी रात्री त्यांना झोप लागली नाही, आणि गुरुवारी त्यांनी नेव्हिलला चार ओळी लिहिल्या. रविवारी जरा लवकर ये, तुझ्या मामाकडे लंडनहून इतिहासाचा मसुदा आला आहे, सिग्नलबद्दलचं ते वाक्य त्यात तसंच आहे, ते तुला माहीत असावं. पत्र पेटीत टाकताना त्यांना बरं वाटलं. आता सशाच्या भांड्यावर पिठाचं झाकण दाबून बसवताना त्यांना त्या पत्राची भीती वाटत होती.

नेव्हिल साडेअकराच्या बसने आला. कोकोच्या डब्यात स्वतःची साखर आणि कागदात गुंडाळलेलं लोणी त्याने मामीच्या हाती दिलं, कारण रेशनच्या दिवसांत कुणाच्या घरी रिकाम्या हाताने जेवायला जाणं म्हणजे यजमानाच्या तोंडचं खाणं. तो जनरलच्या मयत बहिणीचा मुलगा. वय चाळीस, केस साठीचे. मिलिसेंटनी त्याचा डबा घेतला आणि त्याच्याकडे न बघता सांगितलं, मामा बटाट्यांत आहे.

*

जनरल एव्हरार्ड हॅलम बटाट्यांना माती लावत होते. दोन्ही टोकांना खुंट्या, मध्ये ताणलेली दोरी, आणि रोपं दोरीबरहुकूम उभी. भाच्याला पाहून ते म्हणाले की यंदा गारठा लांबला. नेव्हिल म्हणाला, हो, लांबला. मग जनरल पुन्हा मातीकडे वळले.

"मामा, मला एकच वाक्य हवंय," नेव्हिल शेवटी म्हणाला. "चार वाजता फोन बंद नव्हता, एवढं त्यांना कळवा. बाकी काही लिहू नका."

जनरलनी विचारलं की त्या मसुद्यात त्याचं नाव कुठे आहे.

"ब्रिगेडचा सिग्नल अधिकारी एकच होता. मीच. त्या पलटणीच्या साडेसहाशे घरांत नाव पाठ आहे माझं."

ते खरं होतं. सेहेचाळीस साली कैदेतून सुटून आलेल्यांनी पहिलं वार्षिक जेवण ठेवलं तेव्हा नेव्हिल वेड्यासारखा गेला होता. त्याला कुणी काही बोललं नाही. फक्त त्याच्याकडे मिठाची बरणी कुणी सरकवली नाही, सूप आल्यापासून चीज संपेपर्यंत. फौजेत त्याची बढती कॅप्टनवर थांबली ती थांबलीच. आता तो लहान मुलांच्या शाळेत भूगोल शिकवत होता, आणि त्यातल्या दोन मुलांचे काका त्या कालव्यावर गेले होते.

आता मामांबद्दल थोडं बोललंच पाहिजे, नाहीतर ते नुसतेच कठोर वाटतील. मार्च एकोणीसशे अठरामध्ये ते मेजर होते, बत्तीस वर्षांचे. धुक्याच्या सकाळी फोनवर कुणीतरी स्वच्छ इंग्रजीत म्हणालं, ताबडतोब मागे या. मेजर हॅलम दोन कंपन्या घेऊन मागे आले. असा हुकूम कुणी दिलाच नव्हता. तारेला चोरून जोडलेला जर्मन होता की मागच्या तळावर घाबरलेला आपलाच कुणी, ते कधी कळलं नाही. उजवीकडच्या कंपनीला हे माहीतच नव्हतं. ती जागेवर राहिली, आणि तिच्यातले नऊ जण परत आले. चौकशीत हॅलम निर्दोष सुटले. पण चौकशी संपली ती कागदावर. त्यांच्या डोक्यात ती चालूच राहिली, आणि तिच्यातून एक नियम निघाला: माघारीचा हुकूम तोंडी आला तर तो आलाच नाही असं समजायचं. कागद हवा, त्यावर वेळ हवी, सही हवी.

पुढची वीस वर्षं त्यांनी हा नियम शिकवला. अधिकाऱ्यांच्या वर्गात, कवायतीच्या मैदानावर, मेसच्या टेबलावर. त्याला 'हॅलमचा नियम' म्हणू लागले. त्या नियमावर त्यांना बढत्या मिळाल्या असं म्हणणं अन्यायाचं होईल, पण नियम आणि बढत्या बरोबर चालत आल्या खऱ्या. चाळीस साली ते ब्रिगेडियर म्हणून फ्रान्सला गेले. ब्रिगेड त्यांच्याच परगण्याची, त्यामुळे मुलगा एका पलटणीचा प्रमुख आणि भाचा सिग्नलवर, असं घरचंच कार्य होतं ते. त्यानंतरही त्यांना आफ्रिकेत डिव्हिजन मिळाली, मग दिल्लीत खुर्ची, मग पेन्शन. मुलगा गेल्याने बढती अडली नाही. हे त्यांना स्वतःलाच कधी माफ करता आलं नव्हतं, पण ते त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं.

"जुलैत खिडकी बसते आहे," जनरल म्हणाले.

चर्चमध्ये जाइल्सच्या नावाने रंगीत काचेची खिडकी बसणार होती. खाली अक्षरं कोरून तयार होती: 'हुकमाशिवाय त्याने जागा सोडली नाही.'

"मी तुझं वाक्य लिहिलं तर लोक पुढचं विचारतील," जनरल म्हणाले. "फोन चालू होता, तर मग सांगितलं का नाही? सांगितलं होतं. मग तो निघाला का नाही? बापाचा आवाज ओळखूनही निघाला नाही, कारण हातात कागद नव्हता. तुला ठाऊक आहे लोक त्याला काय म्हणतील. मूर्ख म्हणतील. साडेसहाशे माणसं एका चिठ्ठीपायी घालवली म्हणतील. तुला बोलतात ते वाईटच आहे, पण तू आहेस. उभा आहेस, उत्तर देऊ शकतोस. त्याच्या बाजूने कोण बोलणार?"

"अकरा वर्षं मी कुठे उत्तर दिलं?"

"ते तू माझ्यासाठी केलंस. मी विसरलेलो नाही."

"मामीसाठी केलं," नेव्हिल म्हणाला. "आणि तुम्ही म्हणाला होतात, युद्ध संपल्यावर बघू. संपलं ना ते?"

जनरलनी दोरी सोडवली, पुढच्या ओळीला लावली आणि खुंटी टाचेने दाबली. घंटा झाली. जेवायला बोलावत होते.

*

रोझलिंड फाटकाजवळच्या छोट्या घरात एकटी राहायची आणि परगण्याच्या वाचनालयाची गाडी चालवायची. सोमवार ते शनिवार खेडोपाडी पुस्तकं, रविवारी सासू-सासऱ्यांकडे जेवण. जाइल्सशी लग्न होऊन चौदा महिने झाले आणि ती विधवा झाली. मूलबाळ नाही. तिने पुन्हा लग्न केलं नाही, त्याचं कारण लोक निष्ठा सांगत. खरं कारण राग होतं. राग ताजा ठेवायला रोज थोडं काम पडतं, आणि ते काम ती नेमाने करत आली होती.

रागाला एक चेहरा होता. तो दरवर्षी याच दिवशी तिच्यासमोर जेवायला बसे. त्यामुळे रोझलिंड येतानाच फुलदाणी उचलून टेबलाच्या मधोमध ठेवायची. यंदा तिच्यात पांढरी लायलॅक होती, दाट, नेव्हिलचं कपाळ तेवढं दिसेल अशी.

प्रॉसरने वाढायला घेतलं. हा जनरलचा फौजेतला हुजऱ्या. अठरा साली लागला तो दोन्ही युद्धं त्यांच्याबरोबर करून इथेच राहिला. मिलिसेंट आज जास्त बोलत होत्या. खिडकीची काच कुठून आली, बिशपना कोणती तारीख जमते, निळा रंग कसा हवा तसा उतरला. रोझलिंडला हे विचित्र वाटलं, कारण या दिवशी सासूबाई सहसा बोलत नसत.

"जुलैत तू येशीलच, नेव्हिल," मिलिसेंट म्हणाल्या.

"नाही मामी. मी येणार नाही."

"बरंच झालं," रोझलिंड म्हणाली. अकरा वर्षांत हवापाण्यापलीकडे ती त्याच्याशी बोललेली ही पहिली गोष्ट.

फुलांपलीकडून नेव्हिलने काटा खाली ठेवल्याचा आवाज आला. मग त्याने हात लांब करून फुलदाणी बाजूला सरकवली.

"रोझलिंड, फोन चालू होता," तो म्हणाला. "पावणेपाचपर्यंत. मी स्वतः जाइल्सशी बोललो, आणि माझ्यानंतर मामा बोलले."

"नेव्हिल, आजच्या दिवशी नको," मिलिसेंट घाईने म्हणाल्या. "इतक्या वर्षांनी माणसाची आठवण चुकते. त्या धांदलीत तुला तसं वाटलं असेल."

नेव्हिलने मामीकडे पाहिलं. आदल्याच दिवशी आलेलं त्यांचं पत्र त्याच्या कोटाच्या आतल्या खिशात होतं. ते काढून टेबलावर टाकलं असतं तर गोष्ट तिथेच मिटली असती. रोझलिंडला त्या पत्राचं काही माहीत नव्हतं, पण तिने त्याचा हात खिशापर्यंत गेलेला पाहिला आणि रिकामा परत आलेलाही पाहिला. खोटं बोलणारा माणूस असा थांबत नाही, असं तिला वाटून गेलं, आणि ते वाटलं याचा तिला संताप आला.

"पपा, फोन किती वाजता बंद पडला?"

"रिपोर्टमध्ये आहे," जनरल म्हणाले.

"रिपोर्ट मी वाचलाय. मी तुम्हाला विचारतेय."

जनरल ताटातल्या सशाचं हाड बाजूला करत राहिले. रोझलिंड वळली. प्रॉसर बटाट्यांचं भांडं घेऊन भिंतीशी उभा होता.

"प्रॉसर, तुम्ही तिथे होतात. चार वाजता काय करत होतात?"

"चहा, बाईसाहेब."

"आणि साहेब?"

प्रॉसरने जनरलकडे पाहिलं. तेहेतीस वर्षांत त्याने साहेबांच्या विरुद्ध एक अक्षर उच्चारलं नव्हतं, आणि आपण आत्ता तसं काही करतोय असंही त्याला वाटत नसावं. चहाबद्दल विचारलं होतं, त्याने चहाबद्दल सांगितलं.

"साहेबांचा कप मी फोनपाशी नेऊन ठेवला. साहेब बोलत होते. तो गार झाला, मग मी दुसरा करून दिला."

"कोणाशी बोलत होते?"

"जाइल्सबाबाशी, बाईसाहेब."

मिलिसेंटच्या हातात वाढायचा डाव होता. त्यांनी तो ठेवून दिला.

"रिपोर्ट मी टाइप केला होता," त्या म्हणाल्या. "वर एक ओळ खोडलेली होती. मी ती वाचली होती. नेव्हिल, मला क्षमा कर. पत्र लिहून तुला बोलावलं मी, आणि आत्ता तुलाच खोटं पाडलं."

रोझलिंडला वाटलं होतं, हे कळल्यावर आपण सासऱ्यावर तुटून पडू. पण तिच्या मनात दुसरंच आलं, आणि ते सासऱ्याबद्दल नव्हतंच.

"म्हणजे त्याला माहीत होतं," ती हळू म्हणाली. "मी समजत होते त्याला विसरले. तो वाट बघत राहिला आणि कुणी काही सांगितलंच नाही, असं मी रोज डोळ्यांसमोर आणत होते. आणि त्याला सांगितलं होतं. संध्याकाळपर्यंत पूल शाबूत होता. त्याला निघता येत होतं, आणि तो निघाला नाही."

"त्याने नियम पाळला," जनरल म्हणाले.

"मी घरी वाट बघत होते, पपा. त्याला कागद हवा होता."

ससा गार होत होता. मग जनरल एकदम म्हातारे दिसू लागले, आणि त्यांनी घसा साफ केला. ते म्हणाले की ठीक आहे, आपण लंडनला कळवू, उद्याच्या टपालाने. तसा शब्द देतो.

"तोंडी नको," रोझलिंड म्हणाली. "आत्ता लिहा, कागदावर. वेळ घाला आणि सही करा."

*

प्रॉसरला काय आणायचं ते सांगावं लागलं नाही. बूट ठेवायच्या खोलीत पत्र्याची पेटी होती आणि तिच्यात रणांगणावरची संदेश-वही. मळकट, अर्धी वापरलेली. मध्ये दोन कार्बन घातले की एका लिहिण्यात तीन प्रती निघत: एक ज्याला पाठवायची त्याला, एक दफ्तरी, एक वहीत कायमची. प्रॉसरने साहेबांचं ताट उचललं आणि तिथे वही ठेवली. शेजारी टोक काढलेली पेन्सिल.

जनरलनी आयुष्यात असे हजारो कागद लिहिले होते. हात आपणहून चालू लागला. मजकूर अवघड नव्हता. फोन पावणेपाचपर्यंत चालू होता. चार वाजून दहा मिनिटांनी सिग्नल अधिकाऱ्याने हुकूम तोंडी कळवला, त्यानंतर मी स्वतः बोललो. पलटणीच्या प्रमुखाने माझ्याच स्थायी नियमानुसार लेखी हुकूम मागितला. तो हुकूम नेणारा पहिला स्वार वाटेत मारला गेला, दुसरा पोचेपर्यंत पूल उडवलेला होता. सिग्नल अधिकाऱ्याकडून कोणतीही कसूर झाली नाही. रिपोर्टमधलं विधान खोटं होतं आणि ते माझं होतं.

एवढं लिहून ते थांबले.

"तू काय म्हणालास त्याला?" मिलिसेंटनी विचारलं. अकरा वर्षं न विचारलेला प्रश्न त्यांनी अगदी साध्या आवाजात विचारला.

जनरलना सगळं आठवत होतं. शेतघरातलं दगडी स्वयंपाकघर, खिडकीला लावलेली गादी, नेव्हिलने पुढे केलेला फोन. आणि त्या गोंधळात मुलाचा आवाज, दमलेला, पण आत कुठेतरी खोडकर. 'सर, आवाज तर तुमचाच वाटतोय. पण कागद?'

अठराच्या युद्धावरून ते घरी आले तेव्हा जाइल्स आठ वर्षांचा होता. बापाचा नियम त्याने बापाआधी घरात लागू केला. अक्रोडाच्या झाडावर चढून बसायचा आणि आईने खाली ये म्हटलं की वरून ओरडायचा, "कागद आल्याशिवाय नाही." मग मिलिसेंट झाडाखाली उभ्या राहून चिठ्ठी लिहायच्या: खाली ये, सहा वाजून दहा मिनिटं, एम. हॅलम. दोरीला बांधलेल्या टोपलीतून चिठ्ठी वर जायची, सही तपासली जायची, आणि मग तो उतरायचा. पाहुण्यांना हा खेळ मुद्दाम दाखवत. सगळे हसत. जनरल सगळ्यांत जास्त.

"तो म्हणाला, कागद?" जनरल म्हणाले. "झाडावरून म्हणायचा तसा. आणि मी हसलो, मिली. 'अगदी बरोबर' म्हणालो. 'कागद येतोय' म्हणालो. तोही हसला. सगळे अधिकारी ऐकत होते, आणि मला वाटलं, ऐका, हा माझा मुलगा. असा शिकवलाय मी त्याला." त्यांनी पेन्सिल खाली ठेवली. "मी फक्त ओरडायला हवं होतं त्याच्यावर. नीघ गाढवा, म्हणायला हवं होतं. त्याने ऐकलं असतं."

मिलिसेंट नवऱ्याकडे गेल्या नाहीत. त्या जागेवरच बसून राहिल्या.

"चिठ्ठ्या तर मी लिहायचे," त्या म्हणाल्या. "एकदाही तशीच हाक मारून उतरवला नाही."

नेव्हिलला हे संभाषण माहीत होतं. त्या दिवशी दुसरा फोन त्याच्याच कानाला होता. त्या दोघांचं हसू तो अकरा वर्षं एकटा ऐकत आला होता, आणि आता ते टेबलावर सगळ्यांसमोर पडलं तेव्हा त्याला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. तसं वाटलं नाही. त्याला जाइल्सची फार आठवण आली. झाडाखाली टोपलीची दोरी ओढायचं काम त्याचं असायचं.

"तेही लिहा," रोझलिंड म्हणाली. "हसलात ते."

जनरलनी ते लिहिलं. मग घड्याळात पाहिलं, वेळ घातली, सही केली, आणि वही तिच्याकडे सरकवली.

रोझलिंडने खालपर्यंत वाचलं. दोन वाजून पंचवीस मिनिटं. ई. हॅलम. सगळं जागच्या जागी होतं. मग तिची नजर वर गेली, जिथे 'प्रति' असं छापलेलं असतं. तिथे लंडनच्या कचेरीचं नाव नव्हतं. सरळ, ठसठशीत लष्करी अक्षरात लिहिलं होतं: मेजर जाइल्स हॅलम, कालव्याचा काठ.

तिने वही नेव्हिलला दाखवली. त्याने वाचलं आणि मामाकडे पाहिलं. म्हातारा दोघांकडे आळीपाळीने बघत होता, वर्गात पाटी दाखवून उभ्या राहिलेल्या पोरासारखा.

"काय झालं? काही चुकलं का?"

"नाही पपा," रोझलिंड म्हणाली. "बरोबर आहे."

तिने वरचा कागद अलगद फाडून घेतला आणि घडी करून मुठीत धरला. दुसरी प्रत नेव्हिलने घेतली, वरचं नाव खोडलं आणि स्वतःच्या अक्षरात लंडनचा पत्ता लिहिला. तिसरी वहीतच राहिली. प्रॉसरने वही बंद केली, आणि जुन्या सवयीने, नेहमीच्याच हलक्या आवाजात विचारलं:

"कागद कोण नेणार, साहेब?"

जनरलनी तोंड उघडलं, पण त्यांना कुणाचं नाव आठवेना.